ऐकलं, पण मेंदूत उमटलं नाही

‘चिठ्ठी बाईंना दे, डबा शाळेत विसरू नकोस आणि येताना दूध आण.’ पंधरा वर्षांचा मुलगा ‘हो’ म्हणून निघतो आणि संध्याकाळी चिठ्ठी खिशातच घेऊन परततो. ना डबा, ना दूध. कारण विचारलं, की काहीबाही सांगतो. मग आळशी, खोटारडा असे शिक्के बसतात. गर्भात असताना मद्याचा संपर्क आलेल्या अनेक मुलांच्या वाट्याला हा अन्याय येतो.

१९६८ मध्ये फ्रान्समधल्या डॉ. पॉल लमुआन यांनी अशा १२७ मुलांची निरीक्षणं मांडली. १९७३ मध्ये सिएटलचे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मधून या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. लहान डोळे, पातळ वरचा ओठ ही त्याची ओळखीची लक्षणं. पण गर्भात मद्यानं बाधित झालेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर ती दिसतच नाहीत, त्यामुळे अनेकदा निदानही होत नाही.

आईनं घेतलेलं मद्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचतं. गर्भाचं यकृत कच्चं असल्यानं त्याचा निचरा लवकर होत नाही. त्याचा फटका बसतो तो नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला आणि ठरलेलं काम ठरल्या वेळी आठवून देणाऱ्या, कपाळामागच्या भागाला. शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, की ही मुलं मागे पडतात. मात्र एकदा पक्कं झालेलं ती बऱ्यापैकी टिकवतात. म्हणजे मुख्य अडचण साठवणीत नसून नोंद होण्यात आहे. बुद्ध्यांक सर्वसाधारण असला तरी ही अडचण असू शकते. आठवणीतली रिकामी जागा मन नकळत भरून काढतं, आणि ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं.

म्हणूनच इथे रागावून उपयोग होत नाही. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती मुलाकडून म्हणवून घ्यावी. दाराजवळ चित्रांची यादी लावावी, मोबाइलवर गजर लावावा, रोजचा क्रम बदलू नये. तरुणपणीही हा आधार लागतो. औषधाच्या गोळ्या, नोकरीची वेळ, घरभाडं हे सारं लक्षात ठेवण्यावरच चालतं.

गरोदरपणात मद्याचं सुरक्षित प्रमाण ठाऊक नाही, म्हणून ते पूर्ण टाळणंच योग्य. पण दिवस गेल्याचं कळण्याआधीच काहींच्या पोटात मद्य गेलेलं असतं, काही व्यसनाशी झगडत असतात. दोषाच्या भीतीनं आई गप्प राहिली, तर मुलाचं निदान लांबतं. गरोदरपणात मद्य घेतलं होतं का, हा प्रश्न डॉक्टरांनी आपुलकीनं विचारावा आणि आईला मोकळेपणानं उत्तर देता यावं; मुलाला वेळेवर मदत मिळण्याची सुरुवात तिथूनच होते.