टीव्हीचे चित्र चौकोनांत का फुटते?

जोराचा पाऊस लागला की गच्चीवरच्या डिशमधून येणारे टीव्हीचे चित्र बिघडते, हे तुम्ही पाहिलेच असेल. पावसाचे थेंब उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी शोषतात व विखुरतात. पण बिघाडाची रीत पाहा. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर संदेश क्षीण झाला की पडदाभर 'मुंग्या' दिसत. आता मात्र निवेदकाचा चेहरा चौकोनी ठिकऱ्यांत फुटतो, थिजतो आणि एकाएकी पुन्हा स्वच्छ होतो. हे चौकोन येतात कोठून?

थोडा हिशेब करू. पडद्यावरील चित्र ज्या ठिपक्यांचे बनते, त्यांना पिक्सेल म्हणतात. 'फुल एचडी' चित्रात आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर एका चित्राला, म्हणजेच एका फ्रेमला, ६२,२०,८०० बाइट लागतील. सेकंदाला २५ फ्रेम म्हटल्या तर साडेपंधरा कोटी बाइट! या हिशेबाने ६४ गिगाबाइटचे कार्ड सात मिनिटांच्या आत भरावे. प्रत्यक्षात त्यावर कित्येक तासांचे चित्रण मावते.

ही किमया 'कॉम्प्रेशन'ची. त्याला 'संपीडन' असा प्रतिशब्द आहे खरा, पण तो मला फसवा वाटतो. पंपात हवा दाबावी तसे येथे काहीच दाबले जात नाही; मुख्यतः पुनरुक्ती गाळली जाते. निवेदकामागची भिंत जागची हलत नाही, मग ती सेकंदाला २५ वेळा कशाला पाठवायची? म्हणून अधूनमधून एखादीच फ्रेम संपूर्ण पाठवतात. ती कीफ्रेम. मधल्या फ्रेमसाठी चित्राचे लहान चौकोन पाडतात; २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ पद्धतीत ते १६ × १६ पिक्सेलचे असतात. मग प्रत्येक चौकोनाबद्दल 'हा तसाच', 'हा तीन पिक्सेल उजवीकडे सरकला', एवढाच निरोप धाडायचा, आणि जोडीला उरलेला किरकोळ फरक.

पावसात यातील काही निरोप गहाळ झाले, की टीव्ही जुनेच चौकोन धरून बसतो किंवा नवे फरक भलत्याच चौकोनांवर चढवतो. ही चूक पुढच्या फ्रेममध्ये उतरते, तिच्यातून त्यापुढच्या. नवी कीफ्रेम धडपणे येऊन पोचली, की सगळा गोंधळ एका क्षणात पुसला जातो. पुढच्या पावसात घड्याळ घेऊन बसा आणि चित्र फुटल्यापासून स्वच्छ होईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. अडथळा क्षणभराचाच असेल, तर हा काळ दोन कीफ्रेममधील अंतराहून सहसा जास्त भरत नाही.