सरपंचाला घरी कोण बसवतं?

‘पाच वर्षांसाठी निवडून आलाय, आता त्याला कोण हात लावणार?’ असं पारावर कुणी म्हणतं, तेवढ्यात दुसरा म्हणतो, ‘कलेक्टरकडे एक अर्ज टाका, आठ दिवसांत घरी!’ दोघंही चुकतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मध्ये सदस्यांच्या वागणुकीला वेसण घालणारी कलमं भरपूर आहेत. ती कुणाच्या हातात आहेत, याबद्दल मात्र गावोगाव घोळ आहे.

गैरसमज: मासिक सभेत बहुमताने ठराव करून गैरवर्तन करणाऱ्या सदस्याला काढता येतं.

वस्तुस्थिती: पंचायतीला हा अधिकारच नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर सत्ताधारी गटाने विरोधकांना महिन्याभरात वाटेला लावलं असतं. कामातलं गैरवर्तन, लाजिरवाणं वर्तन किंवा कर्तव्यातली हयगय यांसाठी कलम 39 आहे. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी नोटीस देऊन चौकशी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. थकबाकी, अतिक्रमण, कंत्राटातला हितसंबंध या कलम 14 मधल्या अपात्रता जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातात. ग्रामसभा टाळणारा सरपंचही तिथेच अडकतो: वर्षाला किमान चार सभा घ्यायच्या, सबळ कारणाशिवाय चुकवल्या तर पद जाऊ शकतं.

गैरसमज: अविश्वास ठराव मंजूर झाला, म्हणजे भ्रष्टाचार सिद्ध झाला.

वस्तुस्थिती: अविश्वास म्हणजे केवळ संख्याबळ. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावं लागतं. पहिली दोन वर्षं तर असा ठराव आणताच येत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ घरपट्टीचा. ‘सदस्याची घरपट्टी थकली की सदस्यत्व रद्द’ असं सर्रास सांगितलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. कराची मागणी झाली पाहिजे, बिल रीतसर बजावलं गेलं पाहिजे, आणि त्यानंतर तीन महिन्यांत पैसे भरले गेले नसले पाहिजेत. म्हणून सुनावणीत खरी झटापट होते ती बिल बजावल्याच्या पोचेवर. नमुना 9 च्या मागणी नोंदवहीत आकडा दिसतो, पण बिल कधी दिलं, कुणी घेतलं, सही कुठे आहे? पोच नसेल तर अर्ज टिकणं अवघड. उलट पोच असेल आणि मुदत टळून गेली असेल, तर तक्रार झाल्यावर धावपळ करून फाडलेली पावती सदस्याला वाचवतेच असं नाही.

अतिक्रमणाचं तसंच. ‘जागा सासऱ्यांनी बळकावली, माझा काय संबंध?’ हा बचाव पूर्वी चालून जायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 2018 मध्ये तो मोडीत काढला: घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा लाभ घेणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो. पण म्हणून नुसता आरोप पुरत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांना अशाच कारणावरून अपात्र ठरवलं गेलं होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि निवडून आलेल्या बाईला इतक्या सहज पदावरून दूर करण्याच्या वृत्तीवर ताशेरे ओढले. या कलमांचा वापर गावाच्या भल्यापेक्षा निवडणुकीतली हार भरून काढायला अनेकदा होतो, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

कंत्राटाबाबत थोडक्यात: पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असेल तर तो अपात्र. मात्र ठेकेदार नात्यातला आहे एवढ्यावर भागत नाही. हितसंबंध दाखवावा लागतो.

तेव्हा अर्ज करणार असाल, तर आधी माहिती अधिकारात मागणी नोंदवही, बिलाची पोच, कामाची देयकं यांच्या नकला काढा आणि मगच अर्ज लिहायला बसा. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्रतेच्या अर्जाचा निकाल 60 दिवसांत द्यावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. निकालाविरुद्ध शासनाकडे अपील करायला मात्र 15 दिवसच मिळतात.