एजंटला टेबल करायला सांगण्याआधी कॉलम तुम्ही ठरवा

पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या काही महिन्यांतच एक काम गळ्यात पडतं: लिटरेचर रिव्ह्यूचं टेबल. पेपर कोणता, वर्ष कोणतं, नमुने किती, पद्धत काय, निष्कर्ष काय. पूर्वी आम्ही हे एक्सेलमध्ये हाताने भरायचो. आता एआय एजंटला पीडीएफ दिल्या आणि 'टेबल कर' म्हटलं की ते थेट आपल्या नोट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतं. हे कसं घडतं, आणि त्यात माझी फजिती कुठे झाली, ते आज सांगतो.

आधी समजून घेऊ: टूल म्हणजे काय?

भाषा मॉडेल स्वतः तुमच्या फाइलला हात लावत नाही. ते फक्त मजकूर लिहितं. फाइल तयार करणं, ओळ वाढवणं ही कामं एक वेगळा छोटा प्रोग्रॅम करतो. त्यालाच टूल म्हणायचं. मॉडेलला टूलची ओळख तीन गोष्टींनी करून देतात: त्याचं नाव, ते काय करतं याचं वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या प्रकारात द्यायची याचा साचा. मॉडेल साच्याप्रमाणे मागणी लिहितं, प्रोग्रॅम ती पार पाडतो आणि काय झालं ते मॉडेलला कळवतो. ही देवाणघेवाण सगळीकडे एकाच पद्धतीने व्हावी म्हणून अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केला. नोट्सच्या सॉफ्टवेअरना एजंट जोडायला आज तोच बऱ्याचदा वापरतात.

तुम्ही म्हणाल, मॉडेलच टेबल लिहून देतं की, मग टूल कशाला? ऑब्सिडियनचं उदाहरण घ्या. त्यात नोट म्हणजे साधी मार्कडाउन फाइल, आणि मार्कडाउनमध्ये टेबलचे कप्पे उभ्या रेघेच्या चिन्हाने पाडतात. आता एखाद्या पेपरच्या शीर्षकातच उभी रेघ असली, तर तिथे एक कप्पा जास्तीचा पडतो आणि पुढची सगळी ओळ सरकते. चाळीस ओळींत अशी एखादी चूक नजरेतून सहज सुटते. टूल असेल तर मॉडेल फक्त माहिती देतं, रेघा आखायचं काम प्रोग्रॅमकडे.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. ऑब्सिडियनमध्ये २०२५ साली 'बेसेस' ही सोय आली. तिथे प्रत्येक ओळ म्हणजे एक स्वतंत्र नोट, आणि त्या नोटच्या डोक्यावर लिहिलेले गुणधर्म म्हणजे कॉलम. म्हणजे एजंटने प्रत्येक पेपरची एक नोट करायची आणि गुणधर्म भरायचे, टेबल आपोआप दिसतं. नोशनचा डेटाबेसही असाच: ओळ उघडली की आत पूर्ण पान.

आता माझी फजिती

माझा विषय विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. मी स्वतःच एक छोटं टूल लिहिलं होतं. त्यात 'फ्लोराइड' हा कॉलम ठेवला, प्रकार 'संख्या', आणि तो भरणं सक्तीचं. एजंटने चाळीस पेपर तासाभरात भरले. मी खूश. सरासरी काढली, आलेख केला आणि गाइड मॅडमना दाखवायला गेलो.

मॅडमनी आलेखाकडे पाहिलं आणि विचारलं, "अरे, या विहिरींत फ्लोराइड शून्य? शून्य कुठून आणलंस?"

मूळ पेपर उघडले. काही ठिकाणी 'बीडीएल' लिहिलं होतं, म्हणजे यंत्राला पकडता येईल त्याहून कमी. काही ठिकाणी नुसती आडवी रेघ होती, म्हणजे त्या विहिरीत फ्लोराइड मोजलंच नव्हतं. माझ्या कॉलमला संख्या हवी होती आणि रिकामं सोडायची परवानगी नव्हती, म्हणून दोन्हींच्या जागी ० बसलं. बीडीएलचं शून्य केल्याने सरासरी फारशी हलली नाही. पण न मोजलेल्या विहिरींच्या शून्यांनी एका तालुक्याची सरासरी १ च्या खाली ओढली. कागदावर ते पाणी चांगलं ठरलं होतं! मॅडमनी विचारलं नसतं तर ते तसंच सिनॉप्सिसमध्ये गेलं असतं.

एजंटला दोष देणं सोपं आहे. पण 'माहीत नाही' म्हणायला मी त्याला जागाच ठेवली नव्हती.

मग साचा कसा असावा?

एकाच्या जागी मी आता चार कॉलम ठेवतो.

१. मूल्य: प्रकार संख्या, पण सक्ती नाही. रिकामं चालेल.
२. स्थिती: ठरलेल्या तीन पर्यायांतून एक. 'मोजलं', 'बीडीएल' किंवा 'दिलं नाही'. हा मात्र सक्तीचा.
३. पान: ही माहिती कोणत्या पानावर किंवा कोणत्या तक्त्यात आहे.
४. मूळ शब्द: पेपरमध्ये जसं छापलंय तसंच, भाषांतर न करता.

टूलच्या वर्णनातही एक वाक्य घाला: 'पेपरमध्ये नसलेलं मूल्य अंदाजाने भरू नये.' मॉडेल ते वर्णन वाचतं. पण नुसत्या सूचनेवर विसंबू नका, साच्यात तशी जागाही ठेवा. बीडीएलच्या जागी हिशोबात काय धरायचं, हा तुमचा संशोधक म्हणून निर्णय आहे आणि तो थिसिसमध्ये लिहावा लागतो. तो टूलने परस्पर घेऊ नये.

आणखी एक काळजी. एजंटला लिहायची परवानगी एकाच फोल्डरपुरती द्या, आणि जुनी नोट पुसून वर नवी लिहिणं टूलमध्येच बंद ठेवा. बॅकअप हवाच.

तपासणी

सगळ्या ओळी पुन्हा वाचायच्या तर एजंट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मी असं करतो: 'मोजलं' सोडून बाकी स्थितीच्या सगळ्या ओळी तपासतो, सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान मूल्यं तपासतो, आणि उरलेल्यांतल्या दहा ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडतो. 'मूळ शब्द' मधले दोन-तीन शब्द पीडीएफमध्ये शोधायचे. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर शोध चालत नाही, तेव्हा सरळ ते पान उघडायचं. दहांत एक जरी चूक निघाली, तर सगळं टेबल तपासायचं.

तुमचं टेबल अजून सुरू व्हायचं असेल, तर आज एवढंच करा. दोन पेपर स्वतः वाचा, हाताने दोन ओळी भरा आणि कुठे अडलात ते लिहून ठेवा. जिथे तुम्ही अडलात, तिथेच एजंटही अडणार आहे. फरक इतकाच की तुम्ही थांबून विचाराल आणि तो बहुधा काहीतरी भरून पुढे जाईल.

काही शंका असतील तर जरूर विचारा. पुढच्या लेखात बीडीएल मूल्यांची सरासरी कशी काढायची ते बघू.