बैलाचे दात पाहता, लेकराचे?

बाजारात बैल घेताना तुम्ही आधी त्याचे तोंड उघडता. दोनदाती, चारदाती की जुळलेला, हे लगेच सांगता. घरच्या लेकराचे दात कधी असे निरखलेत का?

पीक पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. आठ वर्षांची मुलगी 'साखर'ला 'थाखर' म्हणाली आणि भावंडे हसली. मी होतो तोवर ती पुन्हा बोललीच नाही. दाढा मिटल्या तरी तिच्या वरच्या-खालच्या पुढच्या दातांत बोट शिरेल एवढी फट राहत होती.

'स' म्हणताना जीभ दातांच्या आत राहते, अरुंद वाटेने वारा जोरात जातो. दात मिटत नसले की जीभ फटीत येते आणि वारा पसरतो. पाटाची कड फुटल्यावर सरीला पाणी पोचत नाही, तसेच. वरचे दात फार पुढे असले तर ओठ नीट मिटत नाहीत, मग प, ब, म अडतात.

चार वर्षांनंतरही अंगठा चोखणे हे अशा फटीचे एक मोठे कारण. मारून ती सवय सुटत नाही, समजावून सुटते. दुधाचे दात पडल्यावरचा बोबडेपणा मात्र बहुधा तात्पुरता असतो.

सातव्या वर्षाच्या सुमारास दंतवैद्याला दाखवाच. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तारेने दात जुळतात. जिभेची जुनी खोड राहिलीच तर उच्चारांचा सराव करून घ्यावा लागतो. आणि हो, वाकड्या दातांनी स्वच्छ बोलणारेही पुष्कळ असतात. म्हणून लेकराचे कानही तपासून घ्या.