विश्लेषण : दूध तुटल्यावर गायीचा पाडा जातो कुठे?

विजयदुर्ग परिसरात गाय व्याली आणि पाडी झाली, की घरात आनंद असतो. पाडा झाला, तर दूध तुटल्यावर त्याचे करायचे काय, हा प्रश्न त्याच दिवशी सुरू होतो. या पाड्याला गिऱ्हाईक का मिळत नाही आणि कायदा नेमके काय सांगतो, याचा आढावा.

दूध तुटते कधी?

देवगड तालुक्याच्या या किनाऱ्यावरची गावठी गाय लहान चणीची, दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणारी. वासराने आचळ ओढल्याशिवाय ती सहसा पान्हा सोडत नाही. त्यामुळे संकरित गायींच्या गोठ्यात करतात तसे जन्मताच वासरू वेगळे काढणे इथे अवघड असते. पाडी असेल तर तिच्यासाठी एखादे आचळ राखून ठेवले जाते. पाड्याला बहुधा पान्ह्यापुरतेच सोडतात. पाच-सहा महिन्यांनी तो गवत-पेंढ्यावर येतो आणि गाय आटली की त्याचे गोठ्यातले कामही संपते.

पूर्वी त्याचे काय होत असे?

त्याचा बैल होत असे. दोन-अडीच वर्षांचा झाला की खच्चीकरण करून नांगराला सवय लावायची, भातखाचरात आठ-दहा वर्षे राबवायचे आणि म्हातारा झाला की विकायचा. आता खाचरांत पॉवर टिलर फिरतो आणि कातळावर हापूसच्या बागा उभ्या आहेत. हे चित्र देशभराचे आहे. २०१२च्या पशुगणनेत देशात गोवंशातील नर सुमारे ६.७९ कोटी होते. २०१९मध्ये ते ४.७४ कोटींवर आले, म्हणजे सात वर्षांत सुमारे ३० टक्के घट. याच काळात माद्या मात्र १८ टक्क्यांनी वाढल्या.

कायद्याने नेमके काय बदलले?

वासरांच्या कत्तलीवर बंदी २०१५मध्ये आली, असा समज आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६मधील ‘गाय’ या व्याख्येतच कालवड आणि गायीचे नर-मादी वासरू येते. मार्च २०१५मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने वळू आणि बैलही बंदीखाली आणले. कत्तलीसाठी विक्री, खरेदी किंवा वाहतूक केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पाड्याचे कायदेशीर स्थान बदलले नाही, त्याचा शेवटचा भाव गेला. म्हाताऱ्या बैलाचे पैसे होणार नसतील, तर पाडा वाढवण्याचा खर्च आधीच तोट्यात धरावा लागतो.

मग पाडा विकणेच बेकायदा आहे का?

नाही. शेतीसाठी, पैदाशीसाठी किंवा पाळण्यासाठी विक्रीला मुभा आहे. मात्र १ जून २०२४पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. खरी अडचण गिऱ्हाइकाची आहे. विजयदुर्गहून तळेरे, करूळ घाटमार्गे वर गेले, की कोल्हापूर-सांगलीत चित्र वेगळे दिसते. तिथे शर्यतीच्या खिलार खोंडाला मोल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी राज्याचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवल्याने ते टिकून आहे. कोकणातल्या ठेंगण्या पाड्याला ना शर्यत, ना नांगर.

न विकलेला पाडा जातो कुठे?

बहुतेकदा सड्यावर. भात कापले की गुरे मोकळी सोडण्याची रीत जुनीच, पण पूर्वी ती संध्याकाळी दाव्याला परतत. आता काही पाडे परत आणलेच जात नाहीत. ते बागांत शिरतात, रात्री रस्त्यावर बसतात, अपघातात सापडतात. ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात टाकले, तर दंड भरून सोडवायला मालक पुढे येईलच असे नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्याने देशी गायींना ‘राज्यमाता-गोमाता’ दर्जा दिला आणि गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदान मंजूर केले. घरच्या गोठ्यात पाडा सांभाळणाऱ्याला मात्र त्यातले काही मिळत नाही.

रेडकाचे तसेच आहे का?

कायद्याने नाही. गोवंशबंदी म्हशीला लागू नाही. रेडकाच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. देशातून निर्यात होणारे गुरांचे मांस म्हशीचेच असते. २०२२-२३मध्ये ती निर्यात सुमारे ११.७५ लाख टन होती. तरीही आईचे दूध न मिळाल्याने नर रेडके लहानपणीच दगावतात. ती वाचवून मांसासाठी वाढवावीत, म्हणून अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्राने स्वतंत्र योजनाही आणली होती. बाजार असूनही रेडकू जगत नसेल, तर बाजार नसलेल्या पाड्याची स्थिती वेगळी सांगायला नको.

उपाय काय?

पहिला उपाय लिंगविनिश्चित वीर्यमात्रेचा. तिच्यामुळे सुमारे ९० टक्के वेळा मादी वासरू जन्मते. पण त्यासाठी गाय माजावर आलेली वेळेत कळायला हवी. सड्यावर मोकाट पाडे असतील, तर ती डॉक्टर येण्याआधीच फळते. शिवाय तो पाडा तिचाच असू शकतो. ‘कोंकण कपिला’ ही इथल्या गायीची जात राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे. ती टिकवायची, तर निवडक वळू राखून बाकीच्यांचे वेळीच खच्चीकरण करावे लागेल.

दुसरा उपाय गोठ्यातला. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजणे, दहा-पंधरा दिवसांनी पहिले जंताचे औषध, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा डोस, आणि दूध तोडताना ते एकदम न तोडता आठ-पंधरा दिवसांत कमी करणे. असा पाडा निदान धडधाकट वाढतो. शेण-खतासाठी, पैदाशीसाठी किंवा नांगरासाठी घेणारा शोधायचा, तर दाखवायला जनावर तसे हवे.

बंदीने पाड्याची कत्तल थांबवली, त्याचा चारा कोणी द्यायचा हे ठरवले नाही. ते ठरेपर्यंत हा खर्च दोन-चार गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी राहील. आणि त्याला तो परवडला नाही, तर पाडा सड्यावरच दिसेल.