चार्जिंगला लावलेला फोन काय शिकतो?
कीबोर्ड पुढचा शब्द नेमका सुचवतो, म्हणजे आपले मेसेज कुठेतरी जमा होतात का? तसं न करताही शिकता येतं, आणि ती युक्ती मला भलतीच आवडते. तिचं नाव फेडरेटेड लर्निंग. जीबोर्ड या आपल्या कीबोर्डवर तिची चाचणी सुरू असल्याचं गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं.

फोन चार्जिंगला, वायफायवर आणि वापरात नसला की सर्व्हरवरून एक छोटं मॉडेल त्यावर उतरतं. ते फोनमधल्याच टायपिंगवरून शिकतं आणि परत जातो तो फक्त मॉडेलच्या आकड्यांमधला बदल. अशा असंख्य फोनांच्या बदलांची सरासरी काढायची, सुधारलेलं मॉडेल पुन्हा धाडायचं. (बॅटरी खाणार? म्हणून तर चार्जिंगची अट!)

पण या आकड्यांवरूनही मूळ माहितीचा माग काढता येतो. संशोधकांनी ते करून दाखवलंय. इथे कामाला येतं सिक्युअर ॲग्रिगेशन. समजा माझा आकडा ७, तुमचा ५. आपण दोघांनी गुपचूप १०० ठरवले. मी ते मिळवून १०७ कळवले, तुम्ही वजा करून उणे ९५. सर्व्हरला दोन्ही निरर्थक, बेरीज मात्र बरोब्बर १२! प्रत्यक्षात प्रत्येक जोडीचं गुपित वेगळं असतं.

खरी पंचाईत कोणी मधेच चार्जर काढला की होते. त्याचा आकडा आलाच नाही, तर जोडीदाराने मिळवलेले १०० वजा कोण करणार? म्हणून गुपितांचे तुकडे आधीच इतर फोनांत वाटून ठेवतात. पुरेसे तुकडे जमले की हिशेब जुळतो.