घरगुती दूरध्वनीचे इंटरनेट दूरध्वनीत रूपांतर

घरगुती दूरध्वनीचे इंटरनेट दूरध्वनीत रूपांतर म्हणजे तांब्याच्या तारेवरील जुनी दूरध्वनी जोडणी बंद करून तेच संभाषण ब्रॉडबँड जोडणीवरून करण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्राच्या वाशिम जिल्ह्यात घरोघरच्या जुन्या जोडण्या मुख्यतः भारत संचार निगम लिमिटेड अर्थात बीएसएनएलच्या आहेत. त्यामुळे येथे हे रूपांतर बहुधा बीएसएनएलच्या तांब्याच्या तारेवरून ऑप्टिकल फायबरवर होते.

जुनी जोडणी

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हा येथील दूरध्वनी सेवा केंद्र सरकारच्या खात्याकडे होती. १ ऑक्टोबर २००० पासून ती बीएसएनएलकडे आली. जानेवारी २००५ मध्ये या कंपनीने 'डेटावन' या नावाने ब्रॉडबँड सेवा सुरू केली. या सेवेसाठी वेगळी तार लागत नसे. आवाज सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यात जातो आणि ब्रॉडबँडचे संकेत त्याहून कितीतरी वरच्या वारंवारतेवर असतात. स्प्लिटर ही छोटी डबी दोन्ही वेगळे करते. या सोयीची दुसरी बाजू अशी की, दूरध्वनी नको म्हणून जोडणीच रद्द करण्याचा अर्ज दिला, तर तिच्यावरील ब्रॉडबँडही बंद पडते. म्हणून नवी जोडणी चालू होऊन तिच्यावर फोन येतो-जातो याची खात्री झाल्यावरच जुनी जोडणी सोडणे इष्ट ठरते.

नवी जोडणी

फायबर घरातील ओएनटी नावाच्या उपकरणात येते. त्याच्या फोनसाठीच्या खाचेत जुनाच दूरध्वनी संच जोडता येतो. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर होते आणि ते साधारणतः सेकंदाला ५० पॅकेटांतून पाठवले जातात. मूळ आवाजाला ६४ किलोबिट प्रतिसेकंद पुरतात. पॅकेटांची शीर्षके धरून एका संभाषणाला १०० किलोबिटांहून कमीच लागतात. त्यामुळे आवाज तुटत असल्यास केवळ अधिक वेगाची योजना घेऊन उपयोग होतोच असे नाही. पॅकेटे उशिरा किंवा अनियमित अंतराने पोहोचणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असल्यास बहुतेक संभाषणांत तो जाणवत नाही.

क्रमांकाचा प्रश्न

वाशिम शहराचा एसटीडी संकेतांक ०७२५२ असून त्यापुढे सहा अंकी स्थानिक क्रमांक असतो. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकांत, नातेवाइकांच्या वह्यांत वर्षानुवर्षे असलेला हा क्रमांक जाणे ही अनेक कुटुंबांना खरी अडचण वाटते. भारतात कंपनी बदलूनही क्रमांक कायम ठेवण्याची सोय केवळ मोबाइलसाठी आहे. स्थिर दूरध्वनीला ती लागू नाही. बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर जाताना जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र त्यासाठी अर्जात नवी जोडणी नव्हे, तर जुन्या क्रमांकासह रूपांतर हवे असल्याचे स्पष्ट नमूद करावे लागते. दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास क्रमांक बदलतो.

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास परवानगी मिळाली, परंतु त्यावरून देशातील साध्या फोनवर संपर्क साधता येत नसे. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना दूरध्वनी क्रमांकासह ही सेवा देण्याची मुभा स्पष्ट झाली आणि त्याच वर्षी बीएसएनएलने ॲपवर चालणारी 'विंग्ज' सेवा आणली. फायबरवरील दूरध्वनी त्याहून निराळा आहे. तो वापरण्यास साध्या स्थिर दूरध्वनीसारखाच असतो. त्यावरून मोबाइल क्रमांक लावताना आधी शून्य लावावे लागते. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून लागू आहे.

वीज गेल्यावर

तांब्याच्या तारेतून दूरध्वनी केंद्रातील बॅटरीचा सुमारे ४८ व्होल्टचा दाब थेट घरापर्यंत येतो. भारनियमनातही हा फोन वाजे तो त्यामुळेच. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. घरातील वीज गेली की ओएनटी बंद पडते आणि त्याबरोबर फोनही. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालत असल्याने राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर पुरतो; मात्र वाटेतील कंपनीच्या उपकरणांनाही वीज मिळत असली पाहिजे. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असल्यास आणि मोबाइलचा संकेत क्षीण असल्यास ही तजवीज आधीच करणे आवश्यक आहे. वीज वाहून न नेण्याच्या याच गुणामुळे पावसाळ्यात आकाशातील वीज तारेवाटे घरात येऊन संच जळण्याचा धोका फायबरवर उरत नाही, हा लाभही मोठा आहे.

तबकडी फिरवून क्रमांक लावण्याचे जुने काळे संच नव्या जोडणीवर वाजतात, त्यावर बोलताही येते. परंतु अनेक ओएनटी तबकडीचे ठोके ओळखत नाहीत, तेव्हा क्रमांक लावण्यासाठी बटणांचा संच घ्यावा लागतो.